पंधरा लेबलं

"सोळाव्याची टोपी कुठाय?" मी विचारलं.

भिवा लेंगरेनं आधी कणसाकडं पाहिलं, मग आभाळाकडं, आणि शेवटी स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिला, जणू काही घाईत चुकून तीच घातली असावी.

"वाऱ्यानं नेली आसंल," तो म्हणाला.

त्या दिवशी वारा नव्हता. त्या आठवड्यातही नव्हता. हवामानाची नोंदवही मीच लिहायचो, त्यामुळे माझ्याकडं पुरावा होता. पण भिवाशी पुराव्यानं बोलून उपयोग नसतो, हे मला चार महिन्यांत कळून चुकलं होतं.

टोपी म्हणजे ज्वारीच्या कणसाला घालायची कागदी पिशवी. फुलोऱ्याच्या आधी ती घालतात, म्हणजे शेजारच्या ताटाचे पराग त्यावर पडत नाहीत आणि वाण शुद्ध राहतो. शास्त्रात तिला लांबलचक नाव आहे. भिवा टोपी म्हणायचा आणि महिनाभरात मीही म्हणायला लागलो.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात, एका ज्वारी संशोधन केंद्रावर, कंत्राटी संशोधन सहायक होतो. मी चिपळूणचा. शिकलो भातावर. मुलाखत घेणाऱ्यांच्या मते भात आणि ज्वारी दोन्ही तृणधान्यंच, त्यामुळे त्यांना काही अडचण वाटली नाही. रब्बीची ज्वारी पाऊस नसताना नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, असं पहिल्या दिवशी मला सांगितलं गेलं, तेव्हा मला वाटलं, नवीन माणसाची गंमत करतायत. मी मनापासून हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

भिवा केंद्राचा राखणदार. साठीचा, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, हातात गोफण. शेताच्या मधोमध माळा बांधलेला होता, त्यावर उभा राहून तो पाखरं हाकायचा. माणूस कामसू होता, हाच त्रास होता. कामचुकार माणसाचं नुकसान आधी मोजून ठेवता येतं. कामसू माणूस कुठं काय करून ठेवेल याचा अंदाज येत नाही. नोव्हेंबरात आमच्या पर्जन्यमापकात सहा मिलिमीटर पाऊस निघाला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी तो आकडा वर कळवून मोकळा झालो, वरून दोन वेळा विचारणा आली, आणि मग समजलं की मुंगळे पडतात म्हणून भिवानं ते भांडं आतून घासून धुतलं होतं आणि निथळायला विसरला होता.

दुसरा त्रास, पाखरांचा वाटा. ज्याला पाखरं हाकायला ठेवलं होतं, तो माणूस बांधाकडची काही कणसं पाखरांसाठी उघडी ठेवायचा. मी बंदी घातली. तो म्हणाला, उपाशी पाखरू गोफणीला भीत न्हाई, त्येचा घास त्येला दिला की बाकीच्या पिकाला ते तोंड लावत न्हाई. मी विचारलं, याला काही संदर्भ आहे का? कुठं छापून आलंय का? तर म्हणाला, "पाखरास्नी इचारा." मी पुन्हा बंदी घातली. त्यानं मान डोलावली. भिवाचं मान डोलावणं म्हणजे ऐकल्याची पोच, बाकी काही नाही.

आता तेवीस नंबरविषयी सांगायला हवं.

तेवीस नंबर ही माझ्या आधीच्या बोराडे सरांची ज्वारी. सहा वर्षं त्यांनी ती निवडत आणली होती. जमिनीतली ओल सरली तरी तिचं ताट उभं राहायचं आणि खोडमाशी तिच्या वाटेला जायची नाही. सर निवृत्त होऊन बार्शीला गेले आणि तेवीस नंबर माझ्या गळ्यात आली. आदल्या वर्षीचं साठवलेलं बी सोंड्यांनी पोखरलं होतं. जे वाचलं ते सगळं मी पेरलं. त्यातून सोळा ताटं अशी निघाली, की बोराडे सर स्वतः एस. टी.नं येऊन बघून गेले आणि प्रत्येकाच्या खोडाला लाल दोरी आणि लेबल बांधून गेले. म्हणजे जगात तेवीस नंबर जी काही होती, ती एवढी सोळा कणसं.

जाताना त्यांनी मला आणि भिवाला समोरासमोर उभं केलं. ही लाल दोरीची सगळ्यात चांगली, यांना कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं. उगीच सांगणारा माणूस नव्हता तो. एकदा सख्ख्या नातवानं कणीस कुरवाळलं म्हणून त्याला त्यांनी गेटबाहेर नेऊन उभं केलं होतं. पोरगं पाच वर्षांचं होतं.

दर रविवारी सकाळी अकराला त्यांचा फोन यायचा. पहिलं वाक्य, "तेवीस कसं आहे?" दुसरं वाक्यही तेविसाविषयीच. मी कसा आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा तापानं फणफणलो होतो आणि तसं सांगितलं, तर म्हणाले, मग टोप्या कोण बघतंय?

आणि आता शनिवारी समिती येणार होती. समितीनं तेवीस नंबर पाहून समाधानकारक असा शेरा दिला, तर प्रकल्प पुढं चालू. नाही दिला, तर एकतीस मार्चला प्रकल्प बंद, मी चिपळूणला, आणि बोराडे सरांची सहा वर्षं कपाटात.

रब्बीच्या समित्या जानेवारीतच का येतात, याचं कारण कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. कारण हुरडा. ज्वारीचा दाणा दुधातून नुकता बाहेर आलेला असतो, कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची, लसणाची चटणी, दही, गूळ. समितीचा दौरा ठरला की आधी फोन येतो तो चटणीचा. आमच्या केंद्रप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, कागदपत्रं राहिली तरी चालतील, हुरडा कमी पडू देऊ नका. आणि ते स्वतः पुण्याला लग्नाला गेले.

मी तयारी चोख केली. शेताच्या कडेनं आम्ही खास हुरड्याची ज्वारी लावली होती, गूळभेंडी. शुक्रवारी संध्याकाळी भिवाला त्या ओळी दाखवल्या. यातली कणसं कापायची, दहा वाजता आगटी पेटवायची. त्यानं मान डोलावली.

तेव्हाच मला सोळाव्याची टोपी दिसली नाही, आणि आमचं ते वाऱ्याचं बोलणं झालं. दाणा भरून आला होता, आता परागाची भीती नव्हती, म्हणून मी फार ताणलं नाही. फक्त म्हणालो, उद्या सकाळी टोपी घाल.

शनिवारी साडेअकराला गाडी आली. समितीत तिघं होते, पण बोलायचे एकटे अध्यक्ष, डॉ. धारूरकर. उंच, करड्या मिशांचे, अठ्ठावीस वर्षं ज्वारीत घालवलेले. उरलेले दोघं त्यांच्याकडं पाहून माना हलवायचे. मी फाईल पुढं केली. धारूरकर म्हणाले, फाईल कुठं पळून जात नाही, आणि सरळ धुराच्या दिशेनं चालू लागले.

भिवानं आगटी झकास पेटवली होती. गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली कणसं, बाजूला घोंगडं अंथरलेलं. तो एकेक कणीस काढायचा, हातावर चोळायचा, फुंकर मारायचा आणि हिरवे वाफाळते दाणे पाहुण्यांच्या पुढ्यात टाकायचा. पहिली पाच मिनिटं नुसती तोंडं चालू होती. मीही बसलो. भातावर वाढलेला माणूस मी, मला तोवर हुरड्याचं एवढं कौतुक नव्हतं. पण त्या दिवशी मी एक कणीस संपवलं आणि दुसऱ्याला हात घातला.

"कुठली हो ही?" धारूरकरांनी विचारलं.

"गूळभेंडी, सर."

ते थोडा वेळ चावत राहिले. "साळवी, गूळभेंडी मी तुमच्या जन्माआधीपासून खातोय. ही गूळभेंडी नव्हे."

मी हसून म्हणालो, जमिनीचा गुण असेल सर. उरलेल्या दोघांनी माना हलवल्या, जमिनीचा गुण.

तेवढ्यात भिवा उठला, हात पुसले, कमरेची रुमालाची गाठ सोडली आणि माझ्यापुढं धरली. माझ्या तोंडात घास होता.

"लेबलं काढून ठेवलीत सायेब," तो म्हणाला. "जळाली आसती. सरकारी हायती."

रुमालात लेबलं होती. सगळी एकावर एक नीट रचून त्यांच्याच लाल दोरीनं बांधलेली. सगळ्यात वरच्या लेबलावर बोराडे सरांचं किरटं अक्षर, तेवीस, ताट क्रमांक एक.

"टोप्याबी घड्या करून ठेवल्यात," भिवा म्हणाला. "पुढल्या सालाला चालत्याल."

तोंडातल्या घासाचं काय करायचं, हा प्रश्न शास्त्रानं अजून सोडवलेला नाही. थुंकावा तर समितीसमोर. गिळावा तर सहा वर्षं. मी गिळला.

गोळा घशाखाली उतरेपर्यंत धारूरकर उठले होते. मिशीला लागलेलं दही पुसत म्हणाले, "चला, आता तुमचं ते तेवीस नंबर दाखवा. बोराडे फार बोलत असतात त्याच्याविषयी."

त्या वाटेवर मी काय काय विचार केला ते सांगण्यासारखं नाही. साप निघाला असं ओरडावं, चक्कर आली म्हणून बसकण मारावी, शेजारचा सत्तावीस नंबर दाखवून हाच तेवीस म्हणावं. पण आकड्याची पाटी लांबून वाचता येत होती, ती मीच रंगवली होती, मोठ्या अक्षरांत.

आम्ही तेविसापाशी पोचलो. ताटं उभी होती. ओल सरली तरी उभी राहणारी म्हणून तिची ख्याती होती, आता मुंडकं गेलं तरी ती उभी होती. भिवानं विळ्यानं इतकी सफाईनं कापली होती की एकही पान फाटलेलं नव्हतं.

"कणसं कुठायत?" धारूरकर म्हणाले.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही आत्ता खाल्लीत ती."

धारूरकरांनी स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. तिथं एक हिरवा दाणा चिकटला होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं अलगद काढला, कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून बोटांच्या चिमटीत धरून उभे राहिले. उरलेल्या दोघांना या वेळी मान कशी हलवायची ते समजेना.

मग ते तिघं बाभळीखाली गेले. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मी लांबून ऐकत होतो. अडचण त्यांचीही होती. साहित्य जागेवर आढळलं नाही असं लिहावं, तर ते कुठं गेलं हेही लिहावं लागणार. आणि ते कुठं गेलं, हे तिघांच्याही पोटात होतं. शेवटी धारूरकरांनी फाईल मागवली आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. तो मला आजही पाठ आहे. "समितीने क्रमांक तेवीसच्या निवडक ताटांचे अत्यंत जवळून परीक्षण केले. समाधानकारक. प्रकल्प पुढे चालू ठेवावा."

गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली. म्हणाले, "बोराडेला मी काही कळवत नाही. ते तुम्ही बघा." चिमटीतला दाणा अजून त्यांच्या हातात होता.

गाडी गेली. म्हणजे माझी नोकरी वाचली होती, ज्या ज्वारीसाठी ती होती तेवढी फक्त उरली नव्हती. मी भिवाकडं वळलो. एवढा चिडलो होतो की आवाजच चढेना. नुसतं विचारलं, का?

"कडंची निबार झालीती," तो म्हणाला. "परवाच चावून बघितली, नुस्ता दगूड. कवळी हितं तेवढीच हुती."

तेवीस आठवडाभर उशिरा येते, हे माझ्या फाईलीत पान नऊवर होतं. गूळभेंडीचा दाणा चावून बघायला मात्र मी गेलो नव्हतो.

"मग मला विचारायचं," मी म्हणालो. "सरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"कुणाला लावू दिला का मी? तीन म्हैनं शेरडू फिरकू दिलं न्हाई." त्याला खरंच प्रश्न पडला होता. "सगळ्यात चांगली लाल दोरीची, आसं सायबांनीच सांगितलंतं. दाराशी पाहुणा आला, आन त्येला वाईट कणीस भाजून घालायचं व्हय?"

मी तिथंच ढेकळावर बसलो आणि काहीतरी करायचं म्हणून लेबलं मोजली. पंधरा निघाली. पुन्हा मोजली, पंधराच.

"सोळावं?"

भिवानं मान खाली घातली. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा गुन्हेगारासारखा झाला. त्याच्या मते गुन्हा आत्ता उघडकीला आला होता.

"त्ये ऱ्हावंद्या म्हनलं," तो हळूच म्हणाला. "पाखरांचं हाय."

मी धावत बांधाकडं गेलो. ओळीच्या पार टोकाला सोळावं ताट उभं होतं, बिनटोपीचं, लाल दोरी आणि लेबल जागेवर. चिमण्यांनी वरून निम्मं टिपलं होतं. खालचं निम्मं शाबूत होतं. माझी चाहूल लागल्यावर एक चिमणी उडाली, शेजारच्या ताटावर बसली आणि मी कधी जातोय याची वाट पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा वाजता फोन वाजला.

"तेवीस कसं आहे?"

मी ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं. आधी शेरा, मग पाहुणचार, मग बाकीचं. पण तोंड उघडलं आणि सगळं उलट्या क्रमानं बाहेर पडलं. पाखरं, लेबलं, आगटी. पलीकडून त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी.

"सोळावं निम्मं आहे सर," मी म्हणालो. "दोन-तीनशे दाणे तरी सुटतील. मी स्वतः राखण करतो. आत्ता लगेच जाऊन..."

"तू खाल्लंस?" सरांनी विचारलं.

"सर, मला माहीत नव्हतं."

"खाल्लंस का?"

"हो सर. दीड कणीस."

तिसरी शिट्टी झाली. मी मनात माझं सामान बांधायला घेतलं.

"चव कशी होती?" बोराडे सर म्हणाले.

मला वाटलं टोमणा आहे.

"अरे, चव विचारतोय. सहा वर्षं पेरली मी ती. प्रत्येक दाणा बियाण्याचा. एक दाणा कधी तोंडात टाकला नाही. घरी बायको म्हणायची, एक मूठ तरी आणा. नाही आणली." कुठलातरी खण उघडल्याचा आवाज आला. "थांब, वही घेतो. हं. गोडी?"

"गोड आहे सर. गुळासारखी नाही. सायीसारखी, मागाहून येते."

"मागाहून येते," ते लिहीत म्हणाले. "साल?"

"एका चोळण्यात सुटतं. दाताला चिकटत नाही."

"दहापैकी?"

"नऊ."

"एक कुठं गेला?"

"गरम होतं सर, जीभ भाजली. दहावा मला कळला नाही."

यावर सर हसत होते की काय, ते फोनवर समजलं नाही. मग म्हणाले, "सोळावं कुणी ठेवलं?"

"भिवानं. पाखरांसाठी. मी बंदी घातली होती."

"मीही घातली होती. बावीस वर्षं." वही मिटल्याचा आवाज आला. "आता ते कणीस पाखरांकडून काढून घेशील, तर त्यांना बांधाकडचं दुसरं काहीतरी दे. वाटा मोडू नको." आणि फोन ठेवला.

मी कपाटातून कागदी पिशवी घेतली आणि सोळाव्याला टोपी घालायला शेतात गेलो.

गरज नव्हती. त्याच्यावर आधीच टोपी होती. कापडी, पांढरी, धुऊन धुऊन विरलेली, कणसाच्या गळ्याशी लाल दोरीनं पक्की बांधलेली. शेजारी सत्तावीस नंबरचं एक भलंथोरलं कणीस वाकवून बांधावर मोकळं सोडलेलं होतं आणि त्यावर चिमण्यांची पंगत बसली होती. सत्तावीस नंबरवरही माझा एक प्रयोग चालू होता, पण मी ते कणीस तसंच राहू दिलं.

भिवा माळ्यावर होता. हातात गोफण, डोकं उघडं. त्याला टक्कल आहे हे मला चार महिन्यांत पहिल्यांदाच कळलं. भर उन्हात ते पितळेच्या तांब्यासारखं चमकत होतं.

"ही न्हाई जायाची वाऱ्यानं," तो वरून म्हणाला.

मी ऑफिसात परत आलो आणि त्या दिवसाची नोंद लिहिली. वाऱ्याच्या रकान्यात शून्य.